दुकानातला सामाईक कॉम्प्युटर आणि आपली खाजगी बाब

शिरूरच्या आमच्या दुकानात कॉम्प्युटर एकच आहे. गादीच्या डाव्या हाताला, बिलांच्या कपाटाला लागून तो ठेवलेला आहे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत त्यावर पाच-सहा जणांचे हात फिरतात. सकाळी मुनीम जीएसटीचे काम करतो. दुपारी पुतण्या सुरत, मालेगाव, इचलकरंजीचे नवे नमुने पाहतो. आम्ही बँकेचे खाते पाहतो. संध्याकाळी धाकट्या भावाची मुलगी कॉलेजचा फॉर्म भरते. शेजारच्या गाळ्यातले शिलाईचे मास्टरही अधूनमधून येऊन बसतात. शेजारधर्म आहे, नाही कसे म्हणणार? दौंडला आमच्या मेहुण्यांचे दुकान आहे, तेथेही हाच प्रकार. आमच्या ओळखीच्या बहुतेक व्यापारी आणि कारागीर बंधूंकडे याहून वेगळे चित्र नसावे.

मागच्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर एक गोष्ट घडली. मास्टरांना सुईत दोरा ओवताना त्रास होऊ लागला होता. त्यांनी एका दुपारी आमच्या कॉम्प्युटरवर बसून मोतीबिंदूची माहिती शोधली. ऑपरेशनला खर्च किती येतो, त्यानंतर किती दिवस बारीक काम करता येत नाही, हे सारे वाचले, खिडकी बंद केली आणि उठून गेले. दोन दिवसांनी पुतण्या मोरपंखी रंगाच्या साड्यांचे नमुने शोधायला बसला. त्याने ‘मो’ टाइप करताच खाली मोतीबिंदूच्या चार ओळी उमटल्या. पोराच्या मनात काही वाईट नव्हते. चहा पिता पिता तो सहज बोलून गेला की मास्टरांना मोतीबिंदू झालेला दिसतो. संध्याकाळपर्यंत ही बातमी पेठेत फिरली आणि दरवर्षी शेरवान्या मास्टरांकडेच टाकणाऱ्या एका घराने त्या वर्षी कापड दुसरीकडे नेले.

मास्टर आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सेठ, मी तर घरातसुद्धा कुणाला सांगितले नव्हते." आम्हाला उत्तर देता आले नाही. चूक मास्टरांची नव्हती आणि खरे म्हटले तर पुतण्याचीही पूर्ण नव्हती. कॉम्प्युटर आमचा होता आणि तो काय काय लक्षात ठेवतो याची आम्हालाच माहिती नव्हती. ती माहिती त्यानंतर आम्ही करून घेतली. आम्ही या विषयातले जाणकार नव्हे. शिक्षण उर्दू शाळेत झाले, इंग्रजी पाटी आजही अक्षराला अक्षर जुळवून वाचतो. म्हणूनच आमच्यासारख्यांना समजेल अशा भाषेत येथे लिहीत आहोत.

काही बुजुर्ग म्हणतात की सरळ माणसाला लपवायचे काय असते? हा प्रश्न कापडाच्या व्यापाऱ्याने तरी विचारू नये. ताग्याला लावलेल्या चिठ्ठीवर आपण खरेदीचा भाव आकड्यात लिहीत नाही, सांकेतिक अक्षरांत लिहितो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून बोटांनी सौदा होत असे, तो काही चोरीचा सौदा नव्हता. भाव, उधारी, दुखणे, मुलीचे स्थळ या गोष्टी वाईट नसतात; त्या फक्त चारचौघांच्या नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला आहे.

आता मूळ मुद्दा. ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेट पाहतो, उदाहरणार्थ क्रोम, एज किंवा फायरफॉक्स, त्याला ब्राउझर म्हणतात. हा ब्राउझर आपल्या मागे बऱ्याच खुणा ठेवतो आणि त्या एका जागी नसतात. म्हणूनच एक खूण पुसली की सर्व पुसले असे समजणारा फसतो.

पहिली खूण म्हणजे हिस्टरी. कोणते पान किती वाजता उघडले याची ती रोजकीर्दच होय. कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की ती समोर येते. शोधाच्या पट्टीत एक-दोन अक्षरे टाकताच जी सूचना येते, ती बरीचशी या रोजकीर्दीतून येते. मास्टरांची बाब येथूनच फुटली.

दुसरी खूण कुकी नावाची. हिचा अर्थ समजायला आम्हाला वेळ लागला, पण लाँड्रीच्या पावतीचे उदाहरण घेतले की लगेच उलगडा होतो. लाँड्रीवाला कपडे घेतो आणि पावती देतो; नंतर जो पावती दाखवील त्याच्या हाती कपडे पडतात, माणूस तोच आहे काय हे तो पाहत नाही. आपण जीमेलमध्ये नाव आणि पासवर्ड टाकून आत गेलो की ती साइट अशीच एक पावती ब्राउझरच्या खिशात टाकते. आपण नुसती खिडकी बंद करून निघून गेलो तर पावती तेथेच राहते. पुढचा माणूस तीच साइट उघडतो आणि सरळ आपल्या खात्यात जाऊन बसतो. ‘लॉगआउट’ किंवा ‘साइन आउट’ म्हणजे ही पावती फाडून टाकणे. त्यामुळे खिडकी मिटणे आणि लॉगआउट करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी खूण साठवलेल्या पासवर्डची. "पासवर्ड सेव्ह करू काय?" असा प्रश्न ब्राउझर विचारतो आणि आपण घाईत होकार देतो. सामाईक कॉम्प्युटरवर याचे उत्तर नेहमी नकारच असावे. मोबाइल नंबर, पत्ता, पॅन नंबर हेही ब्राउझर फॉर्म भरताना लक्षात ठेवतो आणि पुढच्या माणसाच्या फॉर्ममध्ये आपण होऊन सुचवतो.

चौथी खूण सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे आणि आमच्या मते सर्वांत जास्त घातक आहे. ती म्हणजे डाउनलोडचा फोल्डर. बँकेचा उतारा, जीएसटीचा दाखला, वीजबिल, आधार असे जे जे आपण उतरवून घेतो ते त्यात पडून राहते. आपल्या दुकानातला फोल्डर आम्ही उघडून पाहिला तेव्हा त्यात चार वर्षांचे कागद निघाले. दोन तर अशा गिऱ्हाइकांचे होते की ज्यांना आम्ही नावाने ओळखतही नव्हतो.

या सर्वांवर लोक एक उपाय सांगतात तो म्हणजे खाजगी खिडकी. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकत्र दाबावीत, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी दाबावे. क्रोममध्ये काळसर खिडकी उघडते आणि हॅट-चष्म्याचे चित्र दिसते. या खिडकीत जे पाहिले त्याची रोजकीर्द लिहिली जात नाही आणि ती बंद करताच कुकीच्या पावत्या फाटतात. मास्टरांनी ही खिडकी वापरली असती तर पुतण्याला काहीच दिसले नसते. मात्र खाजगी खिडक्या दोन-तीन उघडल्या असतील तर सर्व बंद कराव्या लागतात. एक जरी उघडी राहिली तरी पावती शाबूत राहते.

परंतु या खिडकीचे नाव जेवढे मोठे तेवढे तिचे काम मोठे नाही. तिच्यातून उतरवलेला कागद डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा राहतो. जी साइट पाहिली तिला आपण आल्याचे समजते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही साइटचे नाव समजू शकते. साइटच्या पत्त्यात एचटीटीपीएस असेल तर आतला मजकूर त्या कंपनीला वाचता येत नाही, एवढेच. याच विषयावर २०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गूगलवर दावा दाखल झाला. लोक इनकॉग्निटोमध्ये असतानाही कंपनी त्यांची माहिती गोळा करते अशी तक्रार होती. २०२४ साली झालेल्या तडजोडीत गूगलने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. म्हणजे ही खिडकी आपल्यामागून त्याच खुर्चीत बसणाऱ्यापासून आडोसा देते. दूरच्या कंपनीपासून देत नाही.

मोफत मिळणारे व्हीपीएन घेतले की सर्व गुप्त होते असाही एक समज तरुण मुलांत आहे. त्यात फक्त भरवशाची जागा बदलते. इंटरनेट कंपनीऐवजी त्या व्हीपीएनवाल्याच्या हाती आपले जाणे-येणे जाते. फुकट दलाली करणारा दलाल आपण बाजारात कधी पाहिला आहे काय?

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, खाजगी खिडकी वापरली नाही आणि नंतर रोजकीर्द पुसली. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही बटणे दाबून ती पुसता येते. तरीही त्या वेळी आपण गूगल खात्यात लॉगइन असलो तर खात्यातली वेगळी नोंद शिल्लक राहू शकते. ती खात्याच्या ‘माय ॲक्टिव्हिटी’ या पानावर जाऊन निराळी पुसावी लागते. शिवाय सामाईक कॉम्प्युटरवर सर्व पुसले तर इतरांचेही पुसले जाते. आम्ही उत्साहाच्या भरात एकदा असे केले आणि दुसऱ्या दिवशी मुनिमाच्या सगळ्या साइट्स बंद पडल्यासारख्या झाल्या. बिचाऱ्याची सकाळ पासवर्ड शोधण्यात गेली. आपल्यापुरत्या दोन ओळी पुसायच्या असतील तर हिस्टरीच्या पानावर जाऊन तेवढ्याच निवडून पुसाव्यात.

याच्या उलट प्रकार दौंडला झाला. मेहुण्यांच्या मुलाने दुकानातल्या क्रोममध्ये स्वतःचे जीमेल उघडले आणि सिंक करू काय, या प्रश्नाला होकार दिला. सिंक म्हणजे फोन आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या नोंदी एकमेकांशी जुळवणे. त्यामुळे त्याच्या फोनमधले साठवलेले पासवर्ड दुकानातल्या कॉम्प्युटरवर आले आणि दुकानात कोण काय पाहते ते त्याच्या फोनमध्ये दिसू लागले. महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही. तेव्हा दुकानाच्या ब्राउझरमध्ये घरातील कोणीही आपले खाते कायमचे जोडू नये. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर थोडा वेळ बसायचे असेल तर क्रोममध्ये ‘गेस्ट’ म्हणून वेगळी खिडकी मिळते, ती घ्यावी. तिच्यात आधीच्या माणसाचे आपल्याला दिसत नाही आणि ती बंद केली की आपली हिस्टरी व कुकीही मागे राहत नाही.

दुकानासाठी कायमचा उपाय निराळाच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. विंडोजमध्ये प्रत्येक माणसाचे वेगळे खाते उघडता येते. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स आणि त्यात ‘अदर यूजर्स’ हे शब्द असलेली ओळ शोधावी. तेथे माणसागणिक नाव आणि पासवर्ड द्यावा आणि सर्वांना साधे खाते द्यावे. ज्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात ते एकच खाते मालकाकडे असावे, कारण त्या खात्याला इतरांचे फोल्डर उघडता येतात. अशा रीतीने मुनिमाची रोजकीर्द, त्याचे डाउनलोड, त्याचे पासवर्ड त्याच्यापाशी राहतात आणि पुतण्याचे पुतण्यापाशी. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबले की पडदा बंद होतो. क्रोममध्ये प्रोफाइल नावाचे वेगवेगळे कप्पे करता येतात आणि काही जण तेवढ्यावरच भागवतात. परंतु त्या कप्प्यांना कुलूप नसते. कोणीही दुसऱ्याच्या कप्प्यावर क्लिक करून आत जाऊ शकतो. विंडोजचे वेगळे खाते म्हणजे कुलूप असलेला गल्ला होय.

येथवर आपल्या दुकानाचे झाले. बाहेरच्या कॉम्प्युटरची गोष्ट जास्त जोखमीची आहे. शिरूरला रांजणगावच्या आणि दौंडला कुरकुंभच्या कारखान्यांतले कामगार पीएफ पाहायला, विद्यार्थी प्रवेशाचे अर्ज भरायला, छोटे कारागीर उद्यमची नोंदणी करायला ऑनलाइन कामे करणाऱ्या दुकानात जातात. २०२४ साली लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी किती घरांतले आधार आणि पासबुक असे परक्या कॉम्प्युटरवर गेले असतील! दौंड तर जंक्शनचे गाव. गाडी सुटण्याच्या घाईत माणूस छापील कागद उचलतो आणि पळतो. लॉगआउट करणे राहूनच जाते.

अशा दुकानांना कायदा लागू आहे. २०११ सालच्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे कॅफेने येणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवायची असते आणि कोणत्या साइट्स पाहिल्या याची नोंद किमान एक वर्ष सांभाळायची असते. मधल्या आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त चालत नाही आणि उघड्यावरच्या कॉम्प्युटरचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवावे लागतात. याचा अर्थ असा की सायबर कॅफेत पूर्ण एकांत मिळेल ही अपेक्षाच ठेवू नये. आपण खाजगी खिडकी उघडली तरी तेथील नोंदवहीला त्याने काही फरक पडत नाही.

तेथे आधार उतरवून घेतले तर विशेष काळजी घ्यावी. आधारच्या फाइलला पासवर्ड असतो म्हणून पुष्कळ जण निश्चिंत राहतात. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल, हे सर्वांनाच माहीत आहे. आधार प्राधिकरण स्वतःच सांगते की सार्वजनिक कॉम्प्युटरवर आधार उतरवणे टाळावे आणि उतरवलेच तर सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात. पुसलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते, तेथूनही ती काढावी लागते. जेथे पूर्ण नंबराची गरज नाही तेथे मास्क्ड आधार द्यावे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २०२३ साली १६ मे ते १५ जुलै या काळात बनावट जीएसटी नोंदण्यांविरुद्ध देशभर खास मोहीम निघाली. कोणाचे तरी पॅन, कोणाचे तरी आधार, कोणाचे तरी वीजबिल घेऊन कागदावरच दुकाने उभी केलेली आढळतात आणि नोटीस मात्र ज्याचे कागद आहेत त्याच्या दारी येते.

व्हॉट्सॲपबद्दल दोन शब्द स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण आपला निम्मा धंदा आता त्यावरच चालतो. मेहुण्यांनी एकदा स्टेशनजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडून सुरतच्या दलालाने पाठवलेली भावाची यादी छापून घेतली आणि ते निघून आले. जोडणी तशीच राहिली. आठ दिवसांनी पेठेतल्याच दुसऱ्या व्यापाऱ्याने बोलता बोलता त्यांचा खरेदी भाव पैशासकट सांगितला. कोणी वाचले, कोणी सांगितले याचा पत्ता कधीच लागला नाही आणि आम्ही कोणावर आळ घेत नाही. एवढे खरे की त्या मालावर त्यांना त्या हंगामात नफा घेता आला नाही. अशी जोडणी तोडण्यासाठी त्या दुकानात परत जाण्याची गरज नसते. आपल्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ असे लिहिलेले असते. तेथे कोणकोणते कॉम्प्युटर जोडलेले आहेत ते दिसते आणि बोट लावून लॉगआउट करता येते. ही यादी आम्ही आता दर शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते तेव्हा पाहतो.

बँकेचे काम मात्र परक्या कॉम्प्युटरवर करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही कॉम्प्युटरवर असे प्रोग्रॅम बसवलेले असतात की जे दाबलेले प्रत्येक बटण टिपून ठेवतात. त्यांच्यापुढे खाजगी खिडकी, लॉगआउट काहीही उपयोगी पडत नाही आणि दुकानदारालाही कधी कधी त्याची खबर नसते. त्यापेक्षा आपला साधा मोबाइल बरा. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करावा आणि बँकेलाही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचे नियम आहेत. चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर आपल्यावर तोटा येत नाही. पासवर्ड आपणच कोणाला दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपल्याच अंगावर पडतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी पोलीस ठाणे, वकील आणि तारखा यांत कारागिराची रोजी बुडते ती कोण भरून देणार?

आमच्या दुकानात आता पाच खाती आहेत. मालकाचे, मुनिमाचे, पुतण्याचे, घरच्या मुलांचे आणि पाचवे पाहुण्यांचे. त्यात ब्राउझर गेस्ट म्हणूनच उघडावा असे ठरले आहे. शनिवारी रात्री वसुलीचा हिशेब झाला की पुतण्या प्रत्येकाला आपापला डाउनलोडचा फोल्डर रिकामा करायला लावतो. त्याने मास्टरांची माफी मागितली आणि त्यांनी ती दिली. त्यांचे ऑपरेशनही या पावसाळ्यात नीट पार पडले. तो शेरवान्यांचा गिऱ्हाईक अजून परत आलेला नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडचा एक मुलगा काम सोडून पुण्याला गेला. ज्या दिवशी त्याचा हिशेब चुकता केला त्याच दिवशी त्याचे विंडोजचे खाते बंद केले आणि त्याला माहीत असलेला ई-वे बिलाचा पासवर्ड बदलला. त्याच्या फोल्डरमध्ये त्याच्या बहिणीच्या प्रवेशाचे कागद होते, ते पेन ड्राइव्हवर घालून त्याच्या हाती दिले आणि मगच कॉम्प्युटरवरून पुसले.